दाखला आणि पात्रता

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाने रोज शाळेत जाऊनच बारावी पूर्ण केलेली असली पाहिजे काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु घरच्या ओढगस्तीमुळे ज्याला दुकानात बसावे लागले, किंवा दीर्घ दुखण्यामुळे जिची शाळा सुटली, त्यांच्या दृष्टीने तो साऱ्या आयुष्याचा प्रश्न असतो.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच, पतीच्या देखरेखीखाली झाले होते. प्रवेशाच्या अर्जात त्यांनी आपण काय शिकलो ते लिहिले आणि स्वकीयांच्या विरोधाला न जुमानता परदेशी घेऊन आलेल्या आपल्या निश्चयाकडे लक्ष वेधले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, आणि १८८६ साली त्या एम. डी. झाल्या.

ह्यावरून पूर्वतयारीवाचून वैद्यक शिकता येते, असे मात्र कोणी समजू नये. रोग्याचा जीव ज्याच्या हाती सोपवायचा, त्याची पारख कसोशीने झालीच पाहिजे. शाळेत न जाणे ही एक गोष्ट आणि अभ्यास न करणे ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर ओळखूनच आपल्या देशात १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. आज ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ह्या नावाने ओळखले जाते. दहावी झालेल्यास तेथे बारावीचा अभ्यासक्रम पाच वर्षांच्या मुदतीत सवडीने पुरा करता येतो.

तरीही जानेवारी २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत बदल होऊन मुक्त विद्यालयांतील विद्यार्थी 'नीट' परीक्षेस अपात्र ठरविण्यात आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. आर्थिक वा सामाजिक अडचणींमुळे नियमित शाळेत जाऊ न शकलेला विद्यार्थी गुणवत्तेने उणा असतो, हे गृहीतकच न्यायालयाने नाकारले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढील अपिलाचा निकाल लागून मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांची पात्रता निःशंक झाली.

दार उघडले, पण उंबरठा मात्र खाली आला नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय त्यांनाही चुकलेले नाहीत. प्रात्यक्षिके चुकलेली नाहीत. आणि 'नीट' तर सर्वांना एकच. म्हणून ह्या मार्गाने जाणाऱ्याने प्रवेश घेतानाच विषयांची निवड नीट पारखून घ्यावी. सोपा म्हणून घेतलेला विषय पुढे वाट अडवितो, आणि ही चूक ध्यानात येईपर्यंत एखादे वर्ष हातचे गेलेले असते.

अर्ज आणि दाखले तपासण्यातच माझी नोकरीची वर्षे गेली. कागद पाहिल्यावाचून कचेरीचे काम चालत नाही, हे मी जाणतो. परंतु दाखला हा ज्ञानाचा पुरावा आहे. ते ज्ञान कोणत्या बाकावर बसून मिळविले, ह्याची ती झडती नव्हे. नियम करणाऱ्याने परीक्षा अवश्य कठीण ठेवावी. मात्र परीक्षेला बसण्याचा अधिकार परिस्थितीने गांजलेल्याकडून हिरावून घेऊ नये. रात्री दुकानाची फळी लावून पुस्तक उघडणाऱ्या मुलाचे एवढेच मागणे असते.