आकाशातील सहकार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



परप्रांतात संसार थाटलेल्या आपणां मराठी कुटुंबांना दूरच्या आवाजाचे मोल सांगावयास नको. असे आवाज समुद्रापलीकडे पोचविणाऱ्या ‘इंटेलसॅट’ या संस्थेची हकीगत आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फेरी पुरी करतो. म्हणून तो एका जागी स्थिर भासतो. असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या जगाचे संदेश वाहू शकतील, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते. प्रश्न उरला होता तो मालकीचा. उपग्रहाद्वारे होणारे दळणवळण सर्व राष्ट्रांना भेदभावाविना मिळावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाने १९६१ साली केला. त्याच विचारातून १९६४ साली इंटेलसॅट जन्मास आली.

प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या मराठी मनाला तिची घडण परकी वाटणार नाही. सभासद राष्ट्राने जितका वापर करावा, तितके भांडवल घालावे. मात्र एकाच प्रकारच्या सेवेचा दर लहानथोर सर्वांस सारखा. अटलांटिकवरील गजबजलेल्या मार्गास जो दर, तोच तुरळक वापराच्या मार्गास.

तिचा पहिला उपग्रह ‘अर्ली बर्ड’ ६ एप्रिल १९६५ रोजी आकाशात गेला. वजन चाळीस किलोहूनही कमी. तरी एका वेळी २४० दूरध्वनी संभाषणे वाहून नेण्याची त्याची शक्ती होती. जुलै १९६९ मध्ये हिंदी महासागरावरही उपग्रह आला आणि जगाला घातलेला वेढा पुरा झाला. त्याच महिन्यात मानवाचे चंद्रावरील पहिले पाऊल देशोदेशींच्या लोकांनी घरबसल्या पाहिले. आपल्याकडे तेव्हा दिल्लीबाहेर दूरदर्शन नव्हते.

ती उणीव भरून काढण्याच्या कामी महाराष्ट्राची भूमी उपयोगी पडली. पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळील आर्वी येथे, सत्तरच्या दशकाच्या आरंभी भूकेंद्र उभे राहिले. त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. सुमारे ३० मीटर व्यासाची ती भव्य तबकडी हिंदी महासागरावरील उपग्रहाकडे तोंड करून उभी असे. परदेशी गेलेल्या मुलाचा आवाज वर चढून खाली उतरेपर्यंत पाव सेकंद जाई. प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा. त्या अर्ध्या सेकंदात दोघेही एकदम बोलू लागत, आणि मग दोघेही एकदम थांबत!

पुढे काळ पालटला. १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी काचतंतूंची पहिली केबल पडली आणि दूरध्वनीचा मोठा ओघ हळूहळू तिकडे वळला. खासगी उपग्रह कंपन्याही स्पर्धेत उतरल्या. शंभराहून अधिक राष्ट्रांची ही संस्था २००१ साली खासगी कंपनी झाली. लोकोपयोगी सेवेची बंधने ती पाळते की नाही हे पाहण्यासाठी मूळ आंतरराष्ट्रीय संघटना मागे ठेवण्यात आली. दूरचित्रवाणी वाहिन्या, जहाजे, विमाने यांना सेवा देत कंपनी वाढली; पण कर्जाच्या भाराने २०२० साली तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. त्यातून ती २०२२ साली बाहेर पडली आणि जुलै २०२५ मध्ये लक्झेंबर्गच्या ‘एसईएस’ कंपनीत विलीन झाली.

यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. स्पर्धेने दर उतरले, सेवा वाढल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या बेटराष्ट्राची समुद्री केबल तुटली, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंतचे सुमारे पाच आठवडे त्याची जगाशी गाठ मुख्यतः उपग्रहांनीच राखली. लाखभर वस्तीच्या त्या बेटांवर नफा तो किती? जेथे गिऱ्हाईक थोडे, तेथे सेवा कोणी आणि कोणाच्या खर्चाने द्यावी, हा १९६१ सालचा प्रश्न म्हणून आजही शिळा झालेला नाही.

आपल्या मंडळाला त्याचे उत्तर ठाऊक आहे. येथे वर्गणी सर्वांस सारखी. आणि गावाच्या टोकाला एकच मराठी घर असले, तरी गणेशोत्सवाचे आमंत्रण तेथवर पोचते. ते पोचविण्याचा खर्च आपण त्या घराकडून वेगळा मागत नाही. ही रीत पुढच्या पिढीने जपावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.