हृदयाच्या नकाशावरचे बाण



स्वागत समितीच्या वतीने कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. जे लोकलने आले त्यांचं स्वागत, आणि जे शिळफाट्यावरून गाडीने आले त्यांचं जरा जास्तच. त्यांनी सोसलंही जास्त आहे.

स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक करायचं असतं. इथे एक नाव पुरे आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणची यमू १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉ. आनंदीबाई जोशी होऊन बाहेर पडली. तेव्हा हृदयाची लय ओळखायची तर नाडीवर बोटं ठेवायची आणि छातीला कान लावायचा. आइन्थोव्हेनचं ईसीजी यंत्र आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

मी साधा फॅमिली डॉक्टर. आमच्या पिढीला ईसीजीचा कागद मिळाला. त्यावरची वेडीवाकडी रेघ पाहून व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (वेगवान ठोके) की फिब्रिलेशन (नुसती थरथर) हे ओळखायचं आणि धावपळ सुरू करायची, हे आम्ही शिकलो. पण तो कागद गोंधळ झालाय एवढंच सांगतो. गोंधळ कोणी सुरू केला आणि कोणी चालू ठेवलाय, याबद्दल तो गप्प असतो. हृदयरोगतज्ज्ञ आणि गणित-भौतिकशास्त्राचे अभ्यासक यांना एकत्र आणणाऱ्या आजच्या परिषदेचं प्रयोजन तिथेच आहे.

हृदयाच्या स्नायूपेशी शेजारणींना विजेचा निरोप देतात. निरोप देऊन झाला की पेशी थोडा वेळ बधिर होते, नवा निरोप घेत नाही. म्हणून निरोगी हृदयात लाट सगळीकडे पसरते आणि विझते. १९१३ साली केंब्रिजच्या जॉर्ज माइन्सने हृदयस्नायूच्या कड्यांवर प्रयोग करून दाखवलं, की लाट पुरेशी हळू चालली आणि बधिरपणा लवकर सरला, तर ती विझत नाही, आपल्याच मागावर फिरत राहते. १९४६ मध्ये नॉर्बर्ट वीनर आणि आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी त्याला गणिताची बैठक दिली. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या हृदयात जो व्रण राहतो, त्यातल्या जिवंत धाग्यांतून लाट रेंगाळत जाते आणि अशा फेऱ्यांना जागा मिळते.

कल्याणकरांना यासाठी फळा लागत नाही. दिव्याहून कल्याण, कल्याणहून कर्जत, कर्जतहून पनवेल आणि पनवेलहून पुन्हा दिवा, असं रेल्वेचं एक पुरं वेटोळं इथेच आहे. समजा, तुम्हाला गाड्या दिसतच नाहीत. कुठल्या स्टेशनात गाडी किती वाजता लागली, एवढीच वही हातात आहे. गाडी गोल फिरतेय, की एखाद्या स्टेशनातून सुटून गाड्या चहूकडे जाताहेत, हे त्या वहीवरून ओळखायचं. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात नेले व्हांडरसिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘डायरेक्टेड ग्राफ मॅपिंग’ या नावाने मांडलं ते हेच. हृदयाला लावलेला इलेक्ट्रोड म्हणजे स्टेशन. जवळच्या दोन इलेक्ट्रोडांपैकी ज्याच्याकडे लाट आधी पोचली, त्याच्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा, पण वेग पटला तरच. दिव्याहून आठला सुटलेली गाडी आठ वाजून दोन मिनिटांनी कर्जतला लागली असं वहीत दिसलं, तर ही गाडी ती नव्हे, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. हृदयस्नायूतल्या लाटेलाही वेगाची मर्यादा आहे. तिच्यात न बसणारे बाण काढायचेच नाहीत. मग बाणांच्या दिशेने चालत निघायचं. निघालो तिथेच परत आलो, तर वेटोळं सापडलं. वेटोळं नाहीच, आणि एका जागेतून बाण नुसते बाहेर पडताहेत, तर खोडी त्या जागेची.

याच गटाचा आधीचा एक अभ्यास मला फार आवडतो. उत्रेख्तच्या संशोधकांबरोबर त्यांनी कुत्र्यांच्या हृदयातली ‘टॉर्साद दे प्वाँत’ ही घातक लय तपासली. २०१७ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की थोडक्यात आटोपणाऱ्या झटक्यांमागे खोडकर जागा होत्या, पण लांबलेल्या झटक्यांना वेटोळ्यांनी धरून ठेवलं होतं. सुरू करणारा वेगळा, चालू ठेवणारा वेगळा. मग इलाज कोणावर करायचा? नुसत्या ईसीजीवरून हा प्रश्न आम्हाला सुचलाही नसता.

आपल्या देशातही यावर काम झालं आहे. २००१ मध्ये सिताभ्र सिन्हा, राहुल पंडित आणि सहकाऱ्यांनी संगणकातल्या हृदयस्नायूत फिब्रिलेशनसारखा गोंधळ माजवला, आणि सगळीकडे जबर झटका न देता विरळ जाळीच्या रेषांवर सौम्य झटका देऊन तो शमवून दाखवला. आयसीडी, म्हणजे बिघडलेली लय झटका देऊन सावरणारं यंत्र, शरीरात बसवलेले आणि त्याचा झटका शुद्धीत सोसलेले रुग्ण माझ्याकडे येतात. या संशोधनाचं मोल त्यांना सांगावं लागणार नाही.

आता थोडी कुरकुर. नियमित लयीच्या टॅकिकार्डियात बाणांची ही पद्धत चांगली चालते. फिब्रिलेशनमध्ये मात्र वेटोळी क्षणात जन्मतात आणि मोडतात; मघाची वही आत्ता शिळी झालेली असते. इलेक्ट्रोड विरळ असले तर बाण चुकतात, आणि चुकलेल्या बाणांतूनही संगणक तितकीच सुबक वेटोळी काढून देतो. शिवाय लाट स्नायूच्या जाडीतून आतल्या आत जाते आणि कॅथेटर बहुधा पृष्ठभागच चाचपतो. तेव्हा पडद्यावर दहा वेटोळी दाखवणाऱ्या वक्त्याला कॅथलॅबमधल्या मंडळींनी बेधडक विचारावं, “यातलं कोणतं जाळू?” अ‍ॅब्लेशन करणाऱ्याला, म्हणजे खोडकर जागा जाळून बंद करणाऱ्याला, शेवटी तेवढंच हवं असतं. आणि गणितवाल्यांनीही डॉक्टरांना विचारावं, की नोंदी कपाटात ठेवून आमच्याकडून उत्तरं कशी मागता? दोन्हीकडची थोडी भांडणं झाली तर समितीला आनंदच होईल.

ही उत्तरं येईपर्यंत माणसं कोसळायची थांबणार नाहीत. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत एखाद्याला फिब्रिलेशन झालं आणि कोणी काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून जेवणानंतर सीपीआरचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. गणितज्ञांना सूट नाही. उलट पुतळ्यावर पहिला हात त्यांनीच लावावा, अशी माझी विनंती आहे.

चहा बाहेर तयार आहे, पण तो उद्घाटनानंतर. शेवटचं सत्र पाचला संपवणार आहोत, म्हणजे कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्यांना गर्दी वाढण्याआधी गाडी मिळेल. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.