चुलीवरचं शिसं

परवा बचत गटाच्या हप्त्यासाठी एका ताईंकडे गेले. मागच्या पडवीत भाऊजी जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतत होते. जुनं शिसं वितळवलं की पैसे वाचतात, माझ्या माहेरीही हेच चालायचं. पण पातेलं रोजचं भाताचं, आणि शेजारी रांगतं बाळ!

शिसं ३२७ अंशांवर वितळतं. वर करडी साय धरते, ती काढताना बारीक धूळ उडते. तिला वास नाही, आणि ती कपड्यांवरून, हातांवरून घरभर फिरते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट भिनतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्त कमी होतं, पोट दुखतं, पुढे अभ्यास जमत नाही. आणि आपण पोराला मठ्ठ म्हणतो. अमेरिकेत काही जण नेमबाजीच्या मैदानातलं शिसं आणून घरी बंदुकीच्या गोळ्या ओततात, त्यांच्या पोरांनाही हाच धोका.

ताईंना म्हटलं, गोळ्या तयार घ्या. ते पातेलं स्वयंपाकात नको. भाऊजींचे कपडे वेगळे धुवा. पडवी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. रक्तातलं शिसं तपासता येतं, डॉक्टरांना आपणहून विचारा.

भाऊजी हसले. ताईंनी मात्र पातेलं उचलून बाहेर ठेवलं. गुरुवारी बाळाला घेऊन दवाखान्यात जायचंय, मीही सोबत आहे.