शेजार आणि शरीरस्वास्थ्य
(ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



आज आपल्या देवमंदिराच्या भिंतींचें कौतुक पुष्कळ झालें. मी त्या भिंतींच्या आंत एकत्र येणाऱ्या माणसांविषयीं बोलणार आहे. माणसांतील स्नेहाचा शरीराच्या आरोग्याशीं कांहीं संबंध आहे काय?

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत रोझेटो नांवाचें लहान गांव आहे. १८८२ पासून इटलींतील रोझेटो व्हालफोर्तोरे येथील कॅथलिक लोक तेथें जाऊन पाटीच्या दगडाच्या खाणींत राबूं लागले. पुढें फादर पास्क्वाले दे निस्को तेथें आले. त्यांनीं लोकांस परसांत भाजीपाला लावावयास सांगितलें, भक्तिमंडळें स्थापिलीं आणि सण एकत्र साजरे करविले.

१९६० नंतरच्या दशकांत डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या गांवाचा अभ्यास केला. शेजारच्या बँगॉर गांवाच्या मानानें येथें हृदयविकारानें मरणारे फारच थोडे. लोक तर चरबींत तळलेलें खात व तंबाखूहि ओढीत! परंतु एका घरांत तीन पिढ्या नांदत, वृद्धांस मान असे, श्रीमंत डौल मिरवीत नसे आणि संकटांत कोणी एकटा पडत नसे. रहस्य येथेंच असावें, असें त्या डॉक्टरांचें मत झालें.

पुढें हीं बंधनें सैल झालीं आणि रोझेटोचें तें वैशिष्ट्यहि लोपलें. १९३५ पासूनच्या ५० वर्षांच्या मृत्युनोंदी ताडून १९९२ सालीं हें प्रसिद्ध झालें. एका लहान गांवावरून एवढें अनुमान कसें काढावें, असें कोणी म्हणेल. पण २०१० सालीं १४८ अभ्यासांतील तीन लाखांवर लोकांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हां ज्यांचे संबंध दृढ, त्यांची जगण्याची शक्यता सुमारें ५० टक्क्यांनीं अधिक आढळली.

म्हणून औषध टाकून केवळ जपमाळ हातीं घ्यावी, असें मात्र कोणीं समजूं नये. शुभवर्तमानकार संत लूक स्वतः वैद्य होता. श्रद्धा रोग्यास धीर देते. पण त्याला दवाखान्यांत नेण्यास आणि रात्रीं उशाशीं बसण्यास शेजारीच लागतो. ज्या श्रद्धेनें असा शेजारी घडत नाहीं, ती अपुरी होय.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं मिस्साबलिदानास याल, तेव्हां कोणाची जागा रिकामी आहे तें पाहा. आणि घरीं परतण्यापूर्वीं त्याच्या दारीं जा. आपल्या ज्युबिलीची खरी भेट तीच.