हाडांतील घडामोड



सकाळीं उठल्यावर ज्याच्या हाताची मूठ तासभर वळत नाहीं, अशा कारागिरानें पिंपरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यांत दिवस कसा काढावा? हातावर पोट असणें तेथें अक्षरशः खरें आहे. डॉक्टर या विकाराला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. वैद्यमंडळी आमवाताशीं त्याचें नातें जोडतात. म्हातारपणच्या गुडघेदुखीहून हा निराळा. तो पुष्कळदां ऐन उमेदीच्या वयांत येतो, पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक छळतो, आणि वेळींच उपचार न झाल्यास सांध्यालगतचें हाड कुरतडून टाकतो.

हें हाड कुरतडतो कोण? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलीन तयार होऊं लागलें, तेव्हां रोग म्हणजे बाहेरून आलेला जंतु आणि औषध म्हणजे त्याचा काळ, असा सरळ हिशेब लोकांच्या मनांत ठसला. जंतूंपुरता तो खराच होता. या संधिवातांत मात्र मारावयास परका असा कोणी सांपडत नाहीं. शरीराचें रक्षण करणारें सैन्यच सांध्यांत तळ ठोकून बसतें. तरी गंमत अशी कीं, हाड खाण्याचें काम हे सैनिक दुसऱ्यांकडून करवितात.

हाड दगडासारखें अचल दिसतें. वस्तुतः तें सदैव मोडलें जातें आणि पुन्हां बांधलें जातें. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं नवा होतो. बांधणाऱ्या पेशी अस्थिमज्जेंतील आधारपेशींपासून जन्मतात. शास्त्रज्ञ या आधारपेशींना 'स्ट्रोमल' म्हणतात. 'स्ट्रोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण. मोडणाऱ्या पेशींचें कूळ अगदीं वेगळें. त्या रक्ताच्या वंशांतल्या, म्हणजे सैनिकांच्याच भाऊबंदांपैकीं. अंथरूण म्हटलें तरी तें निर्जीव नव्हे. आधारपेशींच्या अंगावर 'रँक-एल' नांवाचें एक प्रथिन असतें. त्याचा संकेत मिळाला म्हणजे रक्तवंशांतील कोंवळ्या पेशी एकमेकींत मिसळून हाड पोखरणाऱ्या मोठ्या पेशी बनतात. निरोगी शरीरांत हा हुकूम मोजकाच सुटतो. सुजलेल्या सांध्यांत 'टी' पेशी नांवाचे सैनिक आणि सांध्याच्या अस्तरांतील आधारपेशी एकमेकांना चेतवितात, हुकूम बेसुमार सुटतात, आणि हाड जातें. सैन्य आणि हाड यांच्या या देवघेवीच्या अभ्यासाला २००० सालीं 'ऑस्टिओइम्युनॉलॉजी' हें नांव मिळालें.

पिंपरीहून जुन्या मुंबई रस्त्यानें पुण्याकडे यावें, दापोडीशीं मुळा ओलांडावी आणि खडकी मागें टाकून गणेशखिंडींत शिरावें. तेथें विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. डॉ. मोहन वाणी यांच्या तेथील प्रयोगशाळेंत पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांनीं या संभाषणांतला एकच शब्द वर्षानुवर्षें कान देऊन ऐकला. (या पदवीच्या डॉक्टरांना कोणी जीभ दाखवूं नये, औषध लिहून मिळणार नाहीं.) तो शब्द म्हणजे 'टी' पेशींतून पाझरणारें 'इंटरल्यूकिन-३'.

प्रयोगाची रीत ऐकावयास सोपी, करावयास कष्टाची. उंदराच्या कोंवळ्या पेशी बशींत वाढवावयाच्या, त्यांना रँक-एल द्यावयाचें, आणि कांहीं दिवसांनीं पोखरणाऱ्या पेशी किती झाल्या तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचें. बशींतल्या पेशींना रविवार ठाऊक नसतो. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दिसून आलें कीं, इंटरल्यूकिन-३ दिल्यास पोखरणाऱ्या पेशी तयारच होत नाहींत. विशेष हें कीं, कोंवळ्या पेशी त्यानें मरत नाहींत. कारखान्यांतल्या उमेदवाराला लेथवरून काढून दुसऱ्या खात्यांत धाडावें, तशा त्या जंतु गिळणाऱ्या 'मॅक्रोफेज' पेशी बनतात. आणि पुढें इंटरल्यूकिन काढून घेतलें तरी जुन्या धंद्याकडे परतत नाहींत. २०१० सालीं मानवी पेशींतही पोखरण थांबल्याचें आढळलें. तेथें पेशींनीं वळण मात्र निराळें घेतलें. २०११ सालीं संधिवात जडविलेल्या उंदरांना हाच पदार्थ दिला तेव्हां आजाराचा जोर कमी झाला आणि सैन्याला आवर घालणाऱ्या नियामक 'टी' पेशी वाढल्या.

२०१२ सालचा निबंध याहून मनोवेधक आहे. मानवी अस्थिमज्जेंतील आधारपेशींना इंटरल्यूकिन-३ दिलें, तर त्या हाड बांधणाऱ्या पेशींकडे वळतात. मोडणाऱ्यांना आवर आणि बांधणाऱ्यांना चालना, सैनिकाच्या तोंडच्या एकाच शब्दानें!

म्हणून औषध सांपडलें असें मात्र कोणी समजूं नये. रँक-एलला अडविणारें 'डेनोसुमॅब' २०१० पासून हाडांच्या ठिसूळपणावर वापरलें जातें. इंटरल्यूकिन-३ची गोष्ट तशी सरळ नाहीं. तें रक्ताच्या नाना पेशींना डिवचतें, त्यांत ॲलर्जीच्या पेशीही येतात. तें नेमकें दुखऱ्या सांध्यापुरतें कसें पोंचवावें, हें कोडें उरतेंच. संधिवातावर आज मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें आहेत. तीं लवकर सुरू झालीं तर सैन्य आंवरतें आणि कारागिराची मूठ पुष्कळदां वांचते. पण एकदां कुरतडलें गेलेलें हाड भरून काढणें त्यांना सहसा साधत नाहीं. आणि २०१२ सालच्या त्या निबंधाकडे लक्ष लागतें तें यासाठींच.