बांधावरचं पोर

 

डोक्यावर पाटी घेऊन आई बांधावरून पुढं चालली आहे आणि मागून तीन-चार वर्षांचं पोर दोन्ही हात पसरून येतं आहे. आई वळून ओरडते, "अरे, पडशील!" पोर दचकतं आणि तेवढ्यानंच पडतं. माझं म्हणणं असं, की ते पोर उनाडक्या करीत नव्हतं. त्याचा अभ्यास चालला होता.

तोल मूल जन्मतःच घेऊन येत नाही. कानाच्या आत अर्धवर्तुळासारख्या तीन नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. दुसरी खबर डोळे देतात, तिसरी तळपाय, सांधे आणि स्नायू. या तिन्ही जुळवून पायांना हुकूम सोडायचा, हे काम झोकांड्या खातखातच साधतं. हात घट्ट धरून चालवलेलं मूल चालतं खरं, पण तोल आपला असतो, त्याचा नव्हे.

तीन वर्षांचं मूल एका पायावर क्षणभर टिकतं. चारच्या सुमाराला लंगडी येऊ लागते. पाचव्या वर्षी बरीच मुलं एका पायावर दहा सेकंदांपर्यंत उभी राहतात. कुणी थोडं मागं राहील, त्याची घाई नको.

आता शाळेविषयी. साहेब तपासणीला आले म्हणजे मुलं पुतळ्यासारखी बसलेली बरी दिसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ताठ बसणं हीसुद्धा तोलाचीच करामत. ज्याचं धड स्थिर नाही, ते मूल पाटीवर ओणवं होतं, हनुवटी हातावर टेकतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो! त्याला आधी अंगणात सोडा.

साधनं विकत आणायला नकोत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता. वीतभर उंचीचा ओंडका जमिनीत पक्का रोवा. वाळूचा ढीग, थोडा चढ, नांगरलेलं रान, एवढं पुष्कळ झालं. काटे-काचा मात्र आधी वेचून घ्या. विहिरीचा काठ आणि रस्ता ही तोल शिकायची जागा नव्हे.

पावसाळ्यात घरातच खडूची रेघ ओढा, आधी सरळ, मग वळणाची. तिच्यावरून मुलानं तांब्या घेऊन चालावं. पहिल्यांदा रिकामा, मग अर्धा, मग काठोकाठ. पाणी सांडेल. फडकं त्याच्याच हाती द्या, पुसताना ओणवं होणं हाही व्यायामच. थाळी वाजवा, थांबली की मुलांनी जागच्या जागी उभं राहायचं. फुगडी सावकाश घाला आणि फेरे उलटेही घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी. खेड्यात हे जड नाही. मोबाइल हाती देऊन बसवलं नाही म्हणजे झालं.

आणि एक. एखादं मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा वरचेवर पडत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नका. त्याला नीट दिसतं का, ऐकू येतं का, ते पाहा. कान वाहत असेल तर घरचं तेल घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.