पावसाचे पाणी आणि औषधांचा विवेक



पनवेल तालुक्यातील नेरे हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवना’मुळे महाराष्ट्राला परिचित आहे. सेवेच्या या भूमीत औषधांविषयीचा एक जुना धडा आठवणे उचित ठरेल. कुष्ठरोगावर अनेक वर्षे डॅप्सोन हे एकच औषध दिले जाई. त्याला न जुमानणारे जंतू १९६४ मध्ये सिद्ध झाले. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली आणि लक्षावधी रुग्ण बरे झाले.

कुष्ठाच्या जंतूची प्रतिकारशक्ती त्याच्या वंशापुरतीच राहते. आजचे संकट याहून व्यापक आहे. आतड्यातील अनेक जंतू औषध निष्प्रभ करणारे जनुक वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. जंतू मेला तरी त्याचे जनुक काही काळ पाण्यात टिकते आणि दुसरा जंतू ते उचलू शकतो.

या जनुकांना पावसाचे पाणी वाहून नेते. गळकी गटारे, तुडुंब भरलेल्या शौचटाक्या, कोंबड्यांची विष्ठा, उकिरड्यावर फेकलेली औषधे, हे सारे मोठ्या पावसात नाल्यात उतरते. पावसाळी गटारे बहुधा शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट नदीला वा खाडीला मिळतात. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी नेरे परिसरातून पनवेलच्या खाडीकडे जाते. शहर पसरते, जमीन सिमेंटखाली जाते, तसे पाणी मुरेनासे होते आणि काठावरची घाण घेऊन धावू लागते.

हा धोका काल्पनिक नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या व झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही ते निकामी करते. त्याला आपल्या राजधानीचे नाव दिल्याबद्दल देशात रोष उसळला, तो स्वाभाविकच होता. परंतु राष्ट्राचा स्वाभिमान केवळ निषेधाने राखला जात नाही. फुटलेले गटार दुरुस्त करणे हीदेखील राष्ट्रसेवाच होय.

शासनाने पावले उचलली आहेत. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाली. कोंबड्या व गुरांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी आली. तथापि कायद्याला समाजाच्या शिस्तीची जोड हवी. सर्दी-पडशासाठी स्वतःच्या मनाने प्रतिजैविक घेऊ नये, वैद्याने सांगितलेला उपचार अर्धवट सोडू नये, उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत. वस्तीतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी नाल्यांची पाहणी करावी आणि सांडपाणी कोठे मिसळते, हे ग्रामपंचायतीच्या वा महापालिकेच्या निदर्शनास आणावे.

नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या प्रवाहात काय सोडले जाते, याचीही काळजी वाहिली पाहिजे. पुढच्या पिढीच्या हाती गुणकारी औषध उरणे, हे त्यावरच अवलंबून आहे.